भिंतीवरचे अण्णा

सिनेमातल्या घरात हॉलच्या भिंतीवर हार घातलेला एक म्हातारा असतो. तो सगळ्यांना दिसतो, पण त्याच्याकडे कुणी बघत नाही. घरात कुणीतरी गेलेलं आहे, एवढं त्याच्यावरून कळलं की त्याचं काम झालं. हा म्हातारा कुणाचा तरी खराखुरा बाप, काका नाहीतर शेजारी असतो. तो येतो कुठून, असं मला आजवर एकाही माणसाने विचारलेलं नाही. हिरॉइन जवळून कशी दिसते, हे मात्र भाजीवालीपासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांनी विचारलंय. डॉक्टरांनी तर माझ्या तोंडात यंत्र घालून विचारलं.

सिनेमाच्या कलाविभागात माझं आयुष्य गेलं. कलाविभाग म्हणजे नटाचे कपडे आणि चेहऱ्यावरचा रंग सोडून पडद्यावर जे जे दिसतं ते सगळं. भिंत, खाट, खाटेवरची उशी, उशीखालची गोळ्यांची पट्टी. त्यातही माझं खास काम नव्याचं जुनं करण्याचं. सुताराने काल ठोकलेलं दार आज आजोबांच्या काळातलं दिसायला हवं. हाताचा मळ कडीभोवती बसतो, दाराच्या वरच्या कोपऱ्यात बसत नाही. पावसाचे ओघळ खिडकीच्या खालच्या टोकांतून निघतात. पोरं जिन्यातून उतरताना भिंतीला हात घासत येतात, तो पट्टा त्यांच्या उंचीवर यावा लागतो. हे लक्षात ठेवायचं, आणि चहाचं पाणी, काजळी, पातळ तपकिरी रंग आणि ओलं फडकं घेऊन बसायचं. लोकांच्या घरात ज्या कामाबद्दल मोलकरणीला बोलणी बसतात, ते सगळं मी उलट्या बाजूने केलं आणि त्यावर माझं घर चाललं. "शुभदा काय करते?" असं कुणी विचारलं की आई "सिनेमात पेंटिंग" म्हणायची आणि लगेच त्यांच्या मुलीचं विचारायची.

मी इंदूरची. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथल्या एका कापड मिलमध्ये क्लार्क होते. कापडाच्या ठाणांवर चिकटवायची रंगीत लेबलं यायची, त्यातली वाकडी छापलेली अण्णा घरी आणायचे. पाठ कोरी असायची. तिच्यावर मी चेहरे काढायची. डोंगर, झोपडी, नारळाचं झाड यांत मला कधी गोडी वाटली नाही. शेजारच्या काकूंचं एक चित्र काढलं, ते इतकं हुबेहूब आलं की पुढे बरेच दिवस त्या आमच्याकडे विरजण मागायला आल्या नाहीत. मग आर्ट कॉलेज झालं, मग मुंबई. अण्णांनी अडवलं नाही, कारण त्यांना वाटलं चार महिन्यांत परत येईल. आईने अडवलं नाही, कारण अण्णांनी अडवलं नव्हतं. तरी त्यांच्या लेखी मी इतकी वर्षं मुंबईत "काहीतरी करत" होते. नोकरी हा शब्द घरात माझ्या बाबतीत कुणी वापरला नाही.

मधली वर्षं गाळते. दुसऱ्यांच्या हाताखाली ओलं फडकं फिरवण्यात ती गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. शेवटी तन्मय नावाच्या एका तरुण दिग्दर्शकाने मला पहिल्यांदा पूर्ण सिनेमाचं कलादिग्दर्शन दिलं. गोष्ट इंदूरची होती. आजोबा वारल्यावर घर विकायचं की ठेवायचं यावरून पोरांची भांडणं. हा जमला तर पुढे माझं नाव स्वतंत्रपणे लागणार होतं. नाही जमला तर परत फडकं.

कृष्णपुऱ्याला होळकरांच्या समाधीच्या छत्र्या आहेत, त्यांच्यापासून जवळच आम्हाला एक घर मिळालं. मालक पुरोहितजी, अत्यंत सज्जन माणूस. घराच्या भिंती अशा जुन्या झालेल्या की मला हात लावायची गरज नव्हती. मी फोटो काढले, तन्मयला दाखवले, तो खूश. आठवड्याभराने सामान घेऊन आलो तर संपूर्ण घर पिस्ता रंगात चकचकीत. वास अजून येत होता. पुरोहितजी दारात हात जोडून उभे.

"मॅडम, इतने लोग बाहर से आ रहे थे। ऐसी दीवारें अच्छी थोड़ी लगती हैं।"

नुसतं घर नाही, गल्लीसुद्धा धुतली होती. समोरच्या ओट्यावरचा जुन्या सामानाचा ढीग, जो मला हवा होता, तो गल्लीने मिळून उचलला होता. आमच्या शहराला स्वच्छतेचा अभिमान आहे, मलाही आहे, पण त्या सकाळी नव्हता. "भिया, पिक्चर में अपना इंदौर गंदा दिखेगा क्या?" एकाने मला खडसावून विचारलं. इंदुरात बाईलाही भियाच म्हणतात. मग मी जवळच्या बेटमा गावाहून एक जुनं दार आणि दोन खाटा आणल्या आणि पिस्ता रंग म्हातारा करायला बसले. विजेच्या बटणाभोवती मी तेलकट बोटांचे डाग करायची. सकाळी येऊन बघते तर पुरोहितजींनी ते प्रेमाने पुसलेले असायचे. शूटिंग संपेपर्यंत आमचा हा सामना चालू होता, आणि दोघांनीही तो एकमेकांना एका शब्दाने बोलून दाखवला नाही.

एवढ्यात आजोबांचं बिनसलं. भिंतीवर ज्यांचं तैलचित्र लागायचं होतं ते मुंबईचे एक ज्येष्ठ नट होते. त्यांच्या फोटोवरून मी चित्र काढणार होते. हार घालणार म्हटल्यावर त्यांनी फोन करून नकार दिला. "मी पडद्यावर पुष्कळदा मेलोय, पण मरायचा अभिनय करून. नुसता हार घालून घेणार नाही." कुठला तरी अनोळखी चेहरा वापरता येत नाही. ज्याचा चेहरा त्याची लेखी परवानगी लागते, नाहीतर उद्या त्याचे नातू कोर्टात उभे. मग युनिटमध्ये विचारलं. एरवी जेवताना प्रत्येक जण आपल्या बापाच्या गोष्टी सांगायचा. त्या दिवशी एकालाही बाप नव्हता.

मी रिक्षा केली आणि शहराबाहेर राऊला घरी गेले. अण्णा-आई तेव्हा राऊला राहायला आले होते. अण्णा व्हरांड्यात चहा घेत होते.

"अण्णा, तुमचं एक पेंटिंग करायचंय. सिनेमासाठी."

"माझं? कशाला?"

"घरातले आजोबा आहेत. भिंतीवर. हार घालून."

अण्णांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली. "मतलब मी गेलेलो आहे."

"हो."

"केव्हा?"

"गोष्ट सुरू व्हायच्या आधीच."

"कशाने?"

ते पटकथेत नव्हतं. इतक्या मीटिंगा झाल्या, पण आजोबा कशाने गेले हे कुणालाच सुचलं नव्हतं. "हार्ट," मी ठोकून दिलं.

"ठीक आहे," अण्णा म्हणाले. "जास्त त्रास नाही झाला म्हणजे."

आई आतून लाटणं हातात घेऊन बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. "शुभे, शुद्धीवर आहेस का? जिवंत माणसाच्या चित्राला हार? माझ्या कपाळावर कुंकू आहे अजून!"

"आई, सिनेमा आहे तो."

"सिनेमा खोटा असेल. फुलं तर खरीच ना?"

"बरं, प्लास्टिकची घालू."

"आता मेल्यावर पण प्लास्टिक?" आई कडाडली. मग लाटणं खाली घेऊन एकदम हळू आवाजात म्हणाली, "त्यांना शुगर आहे, बीपी आहे. मी रोज देवापाशी एकच मागते. आणि तू पोटची पोर येऊन हार घालतेस. काही झालं ना शुभे, तर मी तुझ्याकडे बघणार नाही." आणि आत गेली. पोळ्या लाटल्याचा आवाज बराच वेळ येत होता. इतक्या पोळ्या आमच्या घरात लागत नव्हत्या.

मी अण्णांना म्हटलं, राहू दे, दुसरं कुणी बघते. अण्णा म्हणाले, "तुझं काम अडलंय का?" मी म्हटलं, हो. "मग बस. तिचं मी बघतो."

दुसऱ्या दिवसापासून अण्णा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसू लागले. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. मॉडेल म्हणून माणसं बसतात ती पहिल्या दहा मिनिटांत चुळबुळतात. अण्णा हलले नाहीत, फक्त प्रश्न विचारत राहिले. माझ्या मागे कोण कोण आहे? धाकटा करतो काय? त्यांनी पटकथा मागून घेतली आणि चष्मा लावून पूर्ण वाचली. इतक्या लक्षपूर्वक ती आमच्या हिरोनेही वाचली नव्हती. मोठा मुलगा घर विकायला काढतो हे त्यांना अजिबात पटलं नाही.

"हे मी होऊ दिलं नसतं."

"म्हणूनच तुम्हाला आधी मारलंय, अण्णा."

त्यावर त्यांनी विचार केला. "मग माझा चेहरा जरा नाराज पाहिजे. पूर्ण नाही. फक्त मोठ्यावर."

नुसती नाराजी काढता येते, पण फक्त मोठ्यावरची नाराजी कशी काढायची हे कॉलेजात शिकवत नाहीत. मी प्रयत्न केला. लहानपणी मी सगळ्या गल्लीचे चेहरे काढले होते, अण्णांचा कधीच काढला नव्हता. ते मिलमधून येत तेव्हा मला झोप आलेली असायची. त्यांच्या कानाच्या पाळीवर एक बारीक तीळ आहे हे मला त्या खुर्चीसमोर बसल्यावर कळलं. मला त्याचं वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

आईने त्या खोलीत पाऊल टाकणं बंद केलं. चहा उंबऱ्याबाहेर ठेवून हाक मारायची. येता-जाता डोळ्यांच्या बाजूला पदर धरायची. काम थांबलं की चित्रावर चादर टाकून ते भिंतीकडे तोंड करून ठेवायचं, ही तिची अट होती, आणि मी ती पाळली.

चित्र पूर्ण झालं त्या दिवशी तिने मला हाक मारली. तिने तोडगा काढला होता. देवापुढे बसून काढला होता म्हणून त्यावर चर्चा नव्हती. "जिवंत माणसाला हार घालतात तो सत्काराचा. तर आधी त्यांचा सत्कार करा. शाल, नारळ, सगळं रीतसर. हार आधी त्यांच्या गळ्यात पडू दे. मग तोच काढून चित्राला घाला. मतलब तो सत्काराचाच हार राहील." मी मान हलवली. "आणि मी येणार नाही. बघणार पण नाही."

तन्मयला हे सांगताना मला वाटलं हा हसेल. तो हसला नाही, फक्त म्हणाला, "मॅडम, लवकर आटपू. चारनंतर ऊन जातं." झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा भिंतीवर यायचा आणि थोडा वेळ बरोबर चित्रावर पडायचा. त्यासाठीच आम्ही ते घर घेतलं होतं. आदल्या दिवशी ढग आले म्हणून शॉट हुकला होता. त्या दिवशी घ्यायचाच होता, कारण कॅमेरा दुसऱ्या दिवशी मुंबईला परत जाणार होता.

शाल कपड्यांच्या विभागाने दिली, नारळ मुहूर्ताचा उरला होता. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून आले. पुरोहितजींनी आपणहून खुर्ची पुसली. सगळं युनिट गोळा झालं. तन्मयने अण्णांना शाल पांघरवली, नारळ दिला, झेंडूचा हार घातला. टाळ्या झाल्या. मी हार घ्यायला पुढे झाले, तर अण्णा उठून उभे राहिले आणि त्यांनी घसा साफ केला.

इथे एक सांगायला हवं. अण्णांना मिलमधून निरोप मिळाला नव्हता. निवृत्तीला वर्ष राहिलं असताना ते एके सकाळी डबा घेऊन गेले तर गेटला कुलूप. मिल बंद. डबा तसाच घरी आला. शाल नाही, नारळ नाही, ग्रुप फोटो नाही. आमच्या घरात त्यावर कधी कुणी बोललं नाही. आणि निवृत्तीच्या दिवशी करायचं भाषण त्यांनी मनाशी तयार करून ठेवलं होतं, हे आईलाही माहीत नव्हतं.

ते भाषण अण्णांनी तिथे केलं. हिंदीत, कारण मिलची भाषा हिंदी. "आदरणीय मैनेजर साहब, और मेरे सब साथियों।" युनिटने एकमेकांकडे बघितलं. मॅनेजर साहेब म्हणून अण्णा तन्मयकडे बघत होते, आणि तन्मय झरोक्याकडे. अण्णांनी विणाई खात्याचे आभार मानले. बॉयलरवाल्यांचे मानले. कँटीनच्या चहाला कधी चांगलं म्हटलं नाही त्याबद्दल माफी मागितली, त्यावर लोक हसले, आणि अण्णा हसू संपेपर्यंत थांबले. ऊन चित्रावर आलं. तन्मयने माझ्याकडे पाहिलं. माझा पहिला सिनेमा होता, आणि अण्णांना "बस करा" म्हणू शकेल असं त्या घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी मान नाही अशी हलवली.

ऊन चित्रावरून उतरलं, भिंतीवरून गेलं. अण्णा शेवटाला आले. ते जे बोलले ते त्यांनी ठरवून ठेवलेलं असणं शक्य नाही.

"मेरी बेटी शुभदा भी यहीं नौकरी पर है। उसको सँभालना।"

मी लाइटवाल्यांच्या काळ्या कापडामागे जाऊन रडले. पोटभर रडले. बाहेर आले तेव्हा अण्णांनी हार काढून हातात धरला होता. "घे," म्हणाले. "आता मी मोकळा." मी तो चित्राला घातला. कॅमेरामनने दिव्याने उन्हाचा पट्टा केला, आणि खरं सांगते, पडद्यावर कुणाला फरक कळला नाही.

सिनेमा आला आणि गेला. अण्णांनी नातेवाईक जमवून तो पाहिला, आई गेली नाही. आमचे बेटम्याचे एक दूरचे नातेवाईक आहेत, त्यांनी तो परस्पर पाहिला आणि त्यांना आपल्याला कळवलंच नाही याचं वाईट वाटलं. ते पांढरे कपडे घालून राऊला आले. दार अण्णांनीच उघडलं. पाहुण्यांना बसावं लागलं. आईने पाणी दिलं आणि त्या दिवशी पुन्हा बाहेर आली नाही.

सिनेमाचं सामान नंतर घाऊक विकतात. चित्र गेलं मुंबईच्या इस्माईलभाईंकडे. त्यांचं सामानाचं मोठं गोदाम आहे, खाटांपासून पालखीपर्यंत सगळं ते भाड्याने देतात. किंचित नाराज, प्रतिष्ठित, मेलेला माणूस टीव्ही मालिकांना फार लागतो. अण्णांना कामं मिळायला लागली. ते एका गुजराती घराचे बापूजी झाले. एका जमीनदाराचे थोरले बंधू झाले. एका शाळेचे संस्थापक झाले. त्यांचे फोन यायचे. "आज घराला आग लागली. धाकट्या सुनेने मला वाचवलं. चांगली मुलगी आहे." मालिकेची वेळ झाली की आई स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर लावायची. वाटण असो नसो.

आणि अण्णांना साधा ताप आला तरी मला तिचा फोन. "उतरव तो हार." मी इस्माईलभाईंना विचारायची. ते म्हणायचे, "बेटी, वो तो सीरियल में फिट हैं। बीच में दादाजी कैसे बदलें?" मी चित्र परत मागते आहे हे अण्णांना कळलं तेव्हा ते माझ्यावरच रागावले. "चालू नोकरी कोण सोडतं? एक सुटली तेवढी पुरे झाली."

एकदा मात्र छातीत दुखून ते दवाखान्यात होते. आई बाकावर बसली होती, माझ्याकडे बघत नव्हती. "शुभे, आता तरी," एवढंच म्हणाली. मी इस्माईलभाईंना फोन केला आणि पहिल्यांदा त्यांच्यापुढे रडले. त्यांनी स्वतः सेटवर जाऊन चित्र उतरवलं, आणि त्या घरात काही दिवस दादाजींच्या जागी आरसा लटकत होता. अण्णा बरे होऊन घरी आले. "बघ," आई म्हणाली. नंतर हळूच चित्र परत लागलं, आणि त्यानंतरही अण्णा बरीच वर्षं ठणठणीत होते.

गेल्या वर्षी अण्णा गेले. दुपारी जेवून वर्तमानपत्र वाचता वाचता. त्रास झाला नाही.

मी आईच्या बोलण्याची वाट पाहत होते. एकदा ते "तूच हार घातलास" वाक्य बोलून टाकेल तर बरं, असं झालं होतं मला. माणसं येत होती, जात होती, आई सगळ्यांशी बोलत होती, माझ्याशीही बोलत होती, दूध तापव, दार लाव. ते वाक्य ती बोलली नाही. तेराव्याला मावशीने चंदनाचा हार आणला, फोटोला घालायला. आई म्हणाली, "कपाटात ठेव." का, ते सांगितलं नाही. अण्णांचा फोटो टेबलावर तसाच राहिला.

पुढे ती मालिका संपली. इस्माईलभाईंनी मला गोदामावर बोलावून चित्र चादरीत बांधून दिलं. "मैडम, अब इनको किसी और घर में नहीं भेजूँगा," म्हणाले. इतकी वर्षं बेटी म्हणत होते, त्या दिवशी मॅडम म्हणाले, कोण जाणे का. मी ते राऊला आणलं, पण आत न्यायचा धीर होईना. व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

सकाळी उठून बघते तर आईने ते फिरवून खुर्चीवर ठेवलं होतं आणि समोर बसली होती. पदर डोळ्यांना नव्हता.

"हे काय गं?" तिने बोट दाखवलं.

सेटवरची धूळ, उदबत्त्यांचा धूर, दिव्यांची उष्णता यांनी सगळं चित्र काळवंडलं होतं. फक्त जिथे हार लटकत होता तिथे रंग झाकलेला राहिला होता. मळक्या शर्टावर गळ्यापासून छातीपर्यंत हाराच्या आकाराचा एक पांढरा स्वच्छ पट्टा. हार काढला होता, तरी दिसत होता. मी तिला हे समजावून सांगितलं.

"हे काढ," आई म्हणाली. "घरात हार नको मला त्यांना."

जुनं करायला मला तासभर पुरला असता. तो पट्टा मळकट केला की झालं. पण ते आईला नको होतं. बाकीचं सगळं त्या पट्ट्याइतकं नवं करायला हवं होतं, आणि ते मी आयुष्यात केलं नव्हतं. मी कापूस घेतला. तैलचित्र पुसायला सगळ्यांत चांगली वस्तू म्हणजे माणसाची थुंकी, आमच्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत आहे. मी बोळा जिभेला लावला तशी आई ओरडली. "बापाच्या तोंडाला थुंकी लावतेस?"

मी कोमट पाणी आणायला आत गेले. परत आले तर आईने पदराचं टोक जिभेला लावून अण्णांचा गाल पुसायला घेतला होता. जसं आमचं तोंड पुसायची तसं, हनुवटीखाली दुसरा हात धरून. मी पातेलं खाली ठेवलं आणि शर्टाला लागले. दुपारपर्यंत आम्ही दोघी पुसत होतो. ती मधून मधून "इथे राहिलंय" म्हणायची. शर्ट पांढरा झाला, पट्टा त्यात मिसळून गेला. कानाच्या पाळीवरचा तीळ वर आला.

आई मागे सरकली, चष्मा नीट केला, बराच वेळ बघत राहिली.

"डावी मिशी जरा वर काढलीयेस," ती म्हणाली. "तेव्हाच सांगणार होते."

"तेव्हा म्हणजे?"

"तू काढत होतीस तेव्हा. तू सेटवर गेलीस की चादर काढून बघायची मी. रोज."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुला कळलं असतं ना," आई म्हणाली, "की मी बघते म्हणून."